आकाशातील टकरी आणि प्रयोगशाळेचे कुलूप

विज्ञानाविषयी आपल्या समाजात आदर पुष्कळ आहे. परंतु तो आदर बहुधा दुरून हात जोडण्याचा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा शाळाशाळांतून ते दृश्य दाखविले गेले, टाळ्यांचा कडकडाट झाला, फलकांवर रंगीत खडूंनी चित्रे निघाली. हे सर्व योग्यच झाले. मात्र त्या आठवड्यात त्या शाळांतील प्रयोगशाळांची दारे किती वेळा उघडली, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या मते हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारण्यासाठी आम्ही मुद्दाम असा विषय घेतला आहे की, जो वरवर पाहता शाळेच्या चार भिंतींपासून अतिशय दूर आहे. तो विषय म्हणजे अवकाशात होणाऱ्या अणुरेणूंच्या टकरी.

टकरींपासूनच आरंभ करू. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या एका घनसेंटिमीटरात सुमारे अडीच लक्ष कोटी कोटी रेणू असतात, आणि त्यांतील प्रत्येक रेणू एका सेकंदात काहीशे कोटी वेळा आपल्या शेजाऱ्यांवर आदळतो. या गर्दीत कोणत्याही रेणूला क्षणाचीही उसंत नाही. उलट दोन ताऱ्यांमधील विरळ प्रदेशात एका घनसेंटिमीटरात सरासरीने एखादाच अणू सापडतो. ताऱ्यांना जन्म देणाऱ्या थंड मेघांत ही संख्या काहीशे ते काही लाखांपर्यंत जाते. तरीही आपल्या हवेच्या मानाने ती शून्यवतच होय. अशा निर्जन प्रदेशात एक अणू दुसऱ्याला भेटतो तो क्वचित. परंतु आकाशातील वायूचे तापमान, त्याचा प्रकाश आणि त्यातील रसायन ही सर्व बहुतांशी या क्वचित होणाऱ्या भेटींवरच अवलंबून असतात.

याचे एक उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली नीट पाहिले असता एक अंधूक धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी दुसऱ्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा ताऱ्यांप्रमाणे रंगांचा अखंड पट्टा न दिसता त्यांना काही थोड्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो मेघ ताऱ्यांचा पुंज नसून तप्त विरळ वायू होता. या रेषांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा मृगातील मेघातही आढळली. पण पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याच्या रेषेशी ती जुळेना. तेव्हा तेथे एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे असा तर्क झाला आणि त्याला पुढे ‘नेब्युलियम’ असे नावही देण्यात आले.

सर नॉर्मन लॉकियर यांचे मत निराळे होते. त्यांच्या मते आकाशातील तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. आणि ती हिरवी रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याचा शिल्लक राहिलेला अंश. तसे असेल तर ती रेषा एका बाजूस पुसट, पसरट दिसावयास हवी होती. लॉकियर हे त्या काळचे फार मोठे नाव. ‘नेचर’ या नियतकालिकाचे ते संस्थापक आणि संपादक. त्यांच्या मताची परीक्षा ज्यांनी केली, त्यांत पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे एक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती आणि तिच्यात २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. नायगमवालांनी मृगातील मेघाची ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली आणि १८९१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो एवढाच, की ही रेषा सर्व परिस्थितीत बारीक आणि रेखीव दिसते.

या निष्कर्षाने कोडे सुटले नाही. नायगमवालांनी ते सोडविल्याचा दावाही केला नाही. परंतु एका चुकीच्या उत्तराचा मार्ग बंद होण्यास त्यांच्या कामाने मदत झाली. नाव कितीही मोठे असो, यंत्रात जे दिसले तेच त्यांनी लिहिले. पुण्यात, एका महाविद्यालयाच्या वेधशाळेत, एकशेतीसहून अधिक वर्षांपूर्वी हे घडले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल, याचा विचार मनात आला की वाईट वाटते. ती दुर्बीण १९१२ साली दक्षिणेत कोडाईकनालला नेण्यात आली.

कोड्याचे उत्तर मिळाले १९२७ साली, आणि ते दुर्बिणीजवळ मिळाले नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आयरा बोवेन हे प्रयोगशाळेत विजेच्या ठिणग्यांचा अतिनील वर्णपट मोजीत होते. ऑक्सिजनच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे उरलेल्या अणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या कोठे कोठे असतात, हे त्यांच्या मोजमापांवरून कळले. त्या पायऱ्यांमधील अंतरे त्यांनी ताडून पाहिली, तो त्यांतील एक अंतर नेब्युलियमच्या हिरव्या रेषेशी तंतोतंत जुळले! अज्ञात मूलद्रव्य म्हणून जे गाजले, तो आपण घटकेघटकेला श्वासात घेतो तो ऑक्सिजनच होता.

मग ही रेषा पृथ्वीवर का दिसली नव्हती? येथेच टकरींचा संबंध येतो. तेजोमेघातील एखादा मोकळा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अशा अणूवर आदळतो आणि त्याला ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढवितो. सामान्यतः असा अणू सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात प्रकाश सोडून खाली उतरतो. परंतु ही विशिष्ट पायरी अशी आहे की, तिच्यावरून प्रकाश सोडून उतरण्यास अणूला सरासरीने सुमारे अर्धे मिनिट लागते. साध्या वायूत अर्ध्या मिनिटात अणूला असंख्य धक्के बसतात आणि त्या धक्क्यांतच त्याची ऊर्जा निघून जाते. प्रकाशाची पाळी येतच नाही. मृगातील मेघाच्या दाट भागातसुद्धा एका घनसेंटिमीटरात काही हजारच इलेक्ट्रॉन असतात. तेथे ऊर्जा हिरावून घेणारी धडक पुन्हा बसण्यास अर्धा तास, कित्येकदा त्याहूनही पुष्कळ अधिक वेळ लागतो. अणूला हवे असलेले अर्धे मिनिट तेथे मिळते आणि ती हिरवी रेषा उमटते. शास्त्रज्ञांनी अशा रेषांना ‘निषिद्ध रेषा’ असे नाव दिले. निसर्गाने मात्र त्यांना मनाई केलेली नव्हती. पृथ्वीवरच्या गर्दीत त्यांना अवसर मिळत नव्हता इतकेच.

सूर्याच्या प्रभामंडलाची कथाही अशीच आहे. १८६९ सालच्या खग्रास ग्रहणात तेथे एक हिरवी रेषा दिसली आणि तिच्यासाठी ‘कोरोनियम’ नावाचे आणखी एक मूलद्रव्य कल्पिले गेले. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा लॉकियर विजयदुर्गला आले होते आणि नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपला तळ ठोकला होता. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून कळले की, ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. इतके इलेक्ट्रॉन निखळून पडण्यास टकरी किती जोराच्या हव्यात! म्हणजेच सूर्याच्या पृष्ठभागावर साडेपाच हजार अंश तापमान असता, त्याच्या बाहेरील प्रभामंडल दहा लाख अंशांहून अधिक तप्त असले पाहिजे. हे प्रभामंडल इतके का तापते, हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

थंड अवकाशातील टकरींची गोष्ट याहून निराळी, पण तितकीच मोलाची आहे. हायड्रोजनच्या अणूची एक २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर आहे. ती आपोआप सोडण्यास एका अणूला सरासरीने सुमारे १ कोटी १० लाख वर्षे लागतात. त्या मानाने दोन हायड्रोजन अणूंची भेट, विरळ प्रदेशातही, काहीशे वर्षांतून एकदा होते. म्हणून त्या लहरीच्या पायऱ्यांवर किती अणू बसावेत, हे बहुधा टकरीच ठरवितात; आणि त्या लहरींवरून शास्त्रज्ञ आकाशगंगेतील हायड्रोजन मोजतात. ही लहर ऐकणाऱ्या जगातील मोठ्या दुर्बिणींपैकी एक पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. सहलीसाठी आमच्या शाळांनी हे ठिकाण अवश्य निवडावे, अशी आमची सूचना आहे.

आता अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. विश्व प्रथम पुरेसे थंड झाले, तेव्हा हेलियमचा अणू आणि हायड्रोजनचा केंद्रक यांची गाठ पडून पहिला रेणू बनला असे मानतात. त्याच्यापासून पुढे हायड्रोजनचा रेणू तयार झाला, आणि हायड्रोजनच्या रेणूंनी टकरींत मिळालेली उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकली, म्हणून तो वायू निवला आणि आकुंचन पावून पहिले तारे जन्मास आले. हा आद्य रेणू १९२५ सालीच प्रयोगशाळेत बनविण्यात आला होता. पण आकाशात तो सापडेना. अखेर विमानात बसविलेल्या ‘सोफिया’ दुर्बिणीने तो हंस नक्षत्रातील एका तेजोमेघात शोधून काढला व तो शोध २०१९ साली जाहीर झाला. त्याच वर्षी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ३५ मीटर परिघाच्या, अत्यंत थंड अशा वर्तुळाकार यंत्रात हे रेणू फिरवून त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करण्यात आला. तेव्हा असे दिसले की, अतिशीत स्थितीत हा रेणू पूर्वी समजत होते त्यापेक्षा पुष्कळच कमी वेगाने तुटतो. म्हणजे आरंभीच्या विश्वात तो अधिक प्रमाणात टिकला असला पाहिजे. पहिल्या ताऱ्यांच्या जन्माचे गणित अशा रीतीने जमिनीवरील एका टकरीच्या मोजमापाने सुधारले गेले.

ही सर्व उदाहरणे आम्ही दिली ती एका मुद्द्यासाठी. दुर्बीण आकाशातून प्रश्न आणते; उत्तर पुष्कळदा प्रयोगशाळेत सापडते. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण आज अपूर्व वर्णपट धाडीत आहे. परंतु कोणता रेणू कोणावर आदळला म्हणजे किती वेळा काय होते, याचे आकडे कोणीतरी शांतपणे मोजून वा गणिताने काढून ठेवलेले नसतील, तर त्या वर्णपटातील कित्येक रेषा वाचता यावयाच्या नाहीत. हे काम करणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. आपल्याकडे मेघनाद साहांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. उष्णतेच्या योगाने अणू आपले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात गमावतो याचे त्यांनी १९२० साली मांडलेले समीकरण ताऱ्यांचे तापमान वाचण्याची किल्ली ठरले. तेही समीकरण प्रयोगशाळेत मोजलेल्या अणूंच्या गुणांवाचून एक पाऊल पुढे गेले नसते.

आता आमच्या शाळांकडे वळू. अनेक ठिकाणी प्रयोगशाळा आहे, काचेची कपाटे आहेत, कपाटांत लोलक, भिंगे, तापमापके आहेत. आणि दाराला कुलूप आहे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की ते कुलूप उघडते. जर्नल मात्र त्यापूर्वीच पूर्ण झालेले असते, कारण ते मागील वर्षाच्या जर्नलावरून उतरवून काढलेले असते. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यावयाचे हे ठाऊक असल्याने आधी उत्तर लिहावयाचे आणि मग त्यास शोभतील अशी वाचने रचावयाची, ही कला आपल्या विद्यार्थ्यांस लवकर अवगत होते. आम्ही यास किरकोळ दोष मानीत नाही. १८९१ साली नायगमवालांनी लॉकियरना हवे ते उत्तर आधी लिहून मग वाचने रचली असती, तर त्यांच्या कामास काय किंमत उरली असती? विद्यार्थी जर्नलात खोटे वाचन लिहितो, तेव्हा तो विज्ञान शिकत नाही. विज्ञानाच्या नावाखाली त्याच्या नेमके विरुद्ध शिकतो.

यावर शिक्षकांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, प्रयोगशाळेत मदतनीस नाही, आणि फुटलेल्या काचनळीचा हिशेब शिक्षकांसच द्यावा लागतो. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा दोष एकट्या शिक्षकांचा नव्हे. पालक म्हणतात की, प्रयोगाला गुण थोडे आणि लेखी परीक्षेला फार. मुलाने वेळ कोठे घालवावा? हाही प्रश्न प्रामाणिक आहे. आमचे उत्तर असे की, पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. पण स्वतः मोजलेली गोष्ट सहसा विसरत नाही. पुढे मूल अभियंता होवो, वैद्य होवो वा दुकान सांभाळो, दिसले तेच लिहिण्याची सवय त्यास जन्मभर उपयोगी पडेल.

साधने नाहीत ही अडचण तर आम्हांस मान्यच नाही. या लेखात जो विषय आला, त्याचा पहिला पाठ आपल्या वर्गाच्या छतालाच टांगलेला आहे. ट्यूबलाइटच्या नळीत इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. त्या टकरींतून मिळालेली ऊर्जा पाऱ्याचे अणू प्रकाशरूपाने सोडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला एक बारीक फट पाडावी आणि आत गाण्यांची जुनी सीडी तिरपी बसवावी. सीडीवरील सूक्ष्म चरे प्रकाशाचे रंग वेगळे करतात. या खोक्यातून नळीचा प्रकाश पाहिला असता पाऱ्याची ठळक हिरवी रेषा दिसते. त्याच खोक्यातून नव्या एलईडी दिव्याकडे पाहिले तर रेषा न दिसता रंगांचा पट्टा दिसतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले तर सोडियमचा पिवळा प्रकाश उजळतो. सूर्याकडे मात्र या खोक्यातून चुकूनही थेट पाहू नये; डोळ्यांस कायमची इजा होईल. हे सर्व करण्यास खर्च जवळजवळ नाही. ज्या विद्येने हगिन्स यांस तेजोमेघाचे स्वरूप कळले, त्या विद्येची ही पहिली पायरी आहे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीसाठी आठवड्यातून एक तासिका प्रयोगशाळा उघडी राहावी. त्या वेळी तुकडीचे दोन भाग करून एका भागाने प्रयोग करावा व दुसऱ्याने गणिते सोडवावीत. जर्नलात वाचन जसे आले तसे, शाईने, खाडाखोड न करता लिहावे. आणि उत्तर ९.८ न येता ९.३ आले, तर ते का आले याचे कारण शोधणाऱ्यास अधिक गुण मिळावेत. फुटलेल्या काचसामानासाठी माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभारावा. आणि या वार्षिकाने दर वर्षी दोन पाने विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या मोजमापांसाठी राखून ठेवावीत. शाळेच्या आवारात पडलेला पाऊस, मध्यान्हीच्या सावलीची लांबी, विहिरीच्या पाण्याची पातळी, खोक्यातून दिसलेल्या रेषा, काहीही चालेल. अट एवढीच की ते खरे असावे.

आपल्या मराठी शाळा महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्पिढ्या टिकल्या त्या पालकांच्या श्रद्धेमुळे. मराठीत शिकलेले मूल विज्ञानात मागे पडेल, अशी भीती अलीकडे काही घरांत बोलून दाखविली जाते. आम्हांस ती निराधार वाटते. अणू, रेणू, ऊर्जा, वर्णपट हे शब्द मुलास आपल्या भाषेत आधीच कळतात. राहिलेले काम हातांचे आणि डोळ्यांचे आहे, व त्याला कोणतीच भाषा अडवीत नाही. भीती धरावयाची तर बंद प्रयोगशाळेची धरावी. पुढील वार्षिकाच्या त्या दोन पानांसाठी आम्ही आजपासूनच नोंदी मागवीत आहोत. मुख्याध्यापकांस आमची नम्र विनंती आहे की, नव्या वर्षाच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेची तासिका सर्वांत आधी लिहावी आणि उरलेल्या तासिका तिच्याभोवती बसवाव्यात.